नदीकाठचं वावर, शेजारी कोळसा खाण: जमीन ‘संरक्षित’ आहे म्हणजे नेमकं काय?

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. कंपनीच्या बसमध्ये ऐकताना आकडे निसटतात, नकाशा तर दिसतच नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे देतोय. फोन हातात ठेवूनच वाचा, शेवटी त्याची गरज लागणार आहे.



मे २०२५ आठवतोय? चिखलीत इंद्रायणीच्या काठावरचे ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं होतं. त्या दिवशी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच शब्द फिरत होता : ब्लू लाइन. निळी पूररेषा. लोकांनी प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि मग कळलं की आपण रेषेच्या आत आहोत.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या जुन्या रूममेटचा फोन आला. आम्ही चाकणला एकाच खोलीत तीन वर्षं काढली. तो मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला. आयटीआय करून इकडे आला, अजून कॉन्ट्रॅक्टवरच आहे. म्हणाला, “भाऊ, बाबांचा फोन होता. आमच्या वावराच्या धुऱ्यावर लोकं येऊन मोजमाप करून राहिले. गावात म्हणून राहिले का खाण इकडं सरकणार. आपलं वावर तं नदीले लागून हाय. मंग ते तुमच्या चिखलीसारखं संरक्षित नसते का?”

मी म्हटलं, बघून सांगतो. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. तीन रविवार गेले. हा एपिसोड त्या तीन रविवारांचा.

आधी हे सांगा, कोळसा आणि नदी एकाच जागी कशी?

आपण पुणेकर, पिंपरीकर, चाकणकर काळ्या बेसाल्टवर बसलोय. हा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात कोळसा नाही. आपल्याकडे मोशीत दिसतात त्या दगडखाणी.

चंद्रपूर-वणी भागातला कोळसा याच्या कितीतरी आधीचा, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे जमिनीचा एक लांब पट्टा दोन्ही बाजूंच्या भेगांमधून खाली खचला. त्या खोलगट भागात दलदल, झाडझाडोरा, वाळू, गाळ साचत गेला आणि त्याचाच पुढे कोळसा आणि वालुकाश्म झाला. हा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. आज त्याच सखल पट्ट्यातून वर्धा नदी वाहते. म्हणून नावच पडलं वर्धा खोरे कोळसा क्षेत्र. तिथल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या. ही कोल इंडियाची उपकंपनी, मुख्यालय नागपूरला.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. ज्या वालुकाश्माखाली कोळसा आहे, तोच वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. विहिरींना पाणी त्याच्यातून येतं, उन्हाळ्यात ओढ्यांना झिरपा त्याच्यातून मिळतो. म्हणजे कोळसा, विहीर आणि नदी हे तिघं एकाच इमारतीचे भाडेकरू आहेत. एकाने भिंत पाडली तर बाकीच्या दोघांना कळणारच.

वर्धेची एक उपनदी इरई. चंद्रपूर शहर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या काठी वसलंय. इरईवर धरण आहे, त्याचं पाणी शहराला आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राला जातं. हे केंद्र २,९२० मेगावॉटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. धरणाच्या मागे ताडोबाचं जंगल. आणि दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठ या नावांच्या खुल्या कोळसा खाणी याच परिसरात.

“आमचा काय संबंध?” असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक खास उच्चदाब वाहिनी आहे. विदर्भातली वीज पश्चिमेकडे आणण्यासाठीच ती टाकली. राज्याचं ग्रिड एकच आहे, त्यामुळे चाकणच्या प्रेस शॉपमधली नेमकी कुठली युनिटं चंद्रपूरची हे कोणी दाखवू शकत नाही. पण त्या ग्रिडमध्ये चंद्रपूरचा वाटा आहे, एवढं नक्की.

‘संरक्षित’ हा एक शब्द नाही, निदान तीन रेषा आहेत

रूममेटचा प्रश्न होता, वावर संरक्षित आहे का. उत्तर शोधताना पहिली गोष्ट कळली ती ही, की कुणाकडून संरक्षित आणि कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं. कागदावर वेगवेगळ्या रेषा आहेत आणि प्रत्येक रेषा वेगळ्या खात्याची आहे.

पहिली रेषा पुराची. ती जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट पाणी आलं तर ते जिथवर पोचेल ती पातळी. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मध्ये नियंत्रित.

इथे एक गैरसमज काढून टाकू. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं सुटलो, असा नाही. याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. खाण समजा २५ वर्षं चालणार असेल, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. १०० वर्षांचा पूर घ्या आणि खाण ३० वर्षांची धरा, तरी २६ टक्के. चार वेळा नाणं उडवून चारही छापे पडण्याची शक्यता ६ टक्के असते, म्हणजे बघा.

दुसरी रेषा जंगलाची. राखीव वन, संरक्षित वन हे आपल्याला माहीत असतं. पण पूर्व विदर्भात एक खास प्रकार आहे, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांत ही नोंद सापडते. अनेक वर्षं वाद चालला होता की ही जमीन वन धरायची की नाही. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल ही वनजमीनच आहे. म्हणजे ती दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची वनमंजुरी हवी. नदीकाठचे गवताळ, झुडपांचे तुकडे बऱ्याचदा याच नोंदीत असतात.

तिसरी रेषा वाघाची. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झालं, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र जाहीर झालं. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, लोक राहतात. तिथे सगळंच बंद नसतं, पण मोठ्या प्रकल्पाला वन्यजीव खात्याची जास्तीची परीक्षा द्यावी लागते.

आता रूममेटच्या वावराचं काय? ते त्याच्या आजोबांच्या नावावरून आलेलं खासगी शेत. जंगल नाही. बफरमध्ये नाही. नदीला लागून आहे, म्हणजे पुराच्या रेषेत असू शकतं. पण पूररेषेचे नियम मुळात बांधकामासाठी लिहिलेत. जमीन कोळशासाठी संपादित होण्यापासून ती रेषा वाचवत नाही. चिखलीत ज्या रेषेने घरं पाडली, ती इथे वावर राखेलच असं नाही.

हे त्याला फोनवर सांगताना मला फार बरं वाटलं नाही.

आणखी एक. महाराष्ट्रात २००० सालापासून नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं. कुठल्या प्रकारचा उद्योग नदीपासून किती अंतरावर हवा, ते त्यात ठरवलं होतं. २०१५ मध्ये ते रद्द झालं. तेव्हापासून ‘नदी’ म्हणून नदीची वेगळी अंतराची रेषा राज्याकडे नाही. राहिल्या त्या पुराच्या, जंगलाच्या आणि मंजुरीपत्रातल्या अटींच्या.

खाण जवळ आली की काय काय मोजायचं?

रेषा बाजूला ठेवू. जमीन प्रत्यक्षात कशी बदलते ते बघू. चार गोष्टी आहेत.

एक, खालचं पाणी. खुली खाण म्हणजे मोठा खड्डा. खड्डा विहिरीच्या पाण्यापेक्षा खोल गेला की आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि पंपाने बाहेर काढावं लागतं. आपल्या इमारतीशेजारी तळघर खणलं की बोअरचं पाणी कमी होतं ना, तेच, पण कित्येक पट मोठं. कुठल्या विहिरीवर किती परिणाम होईल हे अंतर, दगड आणि मधल्या भेगा यांवर ठरतं. म्हणून खाण सुरू होण्याआधीची विहिरीची पातळी लिहून ठेवलेली असणं फार महत्त्वाचं. नंतर भांडायला तेवढाच आधार असतो.

दोन, वरचं पाणी. कोळशावरची माती आणि दगड काढून बाजूला ढीग घालतात. तिकडे त्याला सगळे ‘ओबी’ म्हणतात. ढीग किती मोठा होतो याचं साधं गणित करू. समजा खाण वर्षाला १० लाख टन कोळसा काढते आणि एक टनामागे ४ घनमीटर माती-दगड काढावा लागतो. झाले ४० लाख घनमीटर. फोडलेला दगड सैल होऊन फुगतो, साधारण पाव पट. म्हणजे ५० लाख घनमीटर. हे सगळं सरासरी ३० मीटर उंच रचलं, तर एका वर्षाला जवळजवळ ४० एकर जागा व्यापते. पुढे खड्ड्याचा एक भाग रिकामा झाला की माती परत आत भरता येते, पण सुरुवातीची वर्षं ती बाहेरच.

आता हा ढीग नदीच्या पूरमैदानात घातला तर? पुराला पसरायला जी मोकळी जागा होती तिथे डोंगर उभा. पाणी दुसऱ्या काठाला चढणार किंवा मागे तुंबणार. शिवाय पहिल्या पावसात ढिगाची माती वाहून पात्रात जाते, पात्र उथळ होतं, आणि पुढच्या वर्षी कमी पाण्यातही पूर येतो. चंद्रपूरने २००६, २०१३ आणि २०२२ मध्ये मोठे पूर पाहिलेत. त्याला कारणं अनेक आहेत : जोराचा पाऊस, धरणाचे दरवाजे, आणि वर्धा फुगली की इरईचं पाणी पुढे न जाता मागे येणं. पण इरईकाठचे मातीचे ढिगारे आणि गाळाने भरलेलं पात्र हा मुद्दा शहरातले लोक वर्षानुवर्षं मांडत आलेत, आणि नदी खोलीकरणाची मागणी त्यातूनच आली.

तीन, माती. नदीकाठची काळी माती काही फूटच जाड असते. ती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. नियम सांगतो की वरची सुपीक माती वेगळी काढून वेगळी साठवा आणि परत वर पसरा. ती दगडात मिसळली तर नंतर त्या जागेवर झाडं लागतील, पण कापूस-सोयाबीन पूर्वीसारखं येणार नाही. म्हणून ‘पुनर्भरण केलं’ हे वाक्य वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा, वर कुठली माती टाकली?

चार, येणं-जाणं. नदीकाठची झाडी ही प्राण्यांची वाट असते. तिकडे एक विचित्र गोष्ट झालीय. जुन्या ओबी ढिगांवर बाभळी वाढल्या, रानडुकरं आली, आणि त्यांच्या मागे वाघ-बिबटे आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात काही दिवसांच्या अंतराने माणसांवर हल्ले होऊन बळी गेले. कामगार वस्तीच्या अगदी जवळ. म्हणजे ज्या जमिनीला कोणीच ‘जंगल’ म्हणत नव्हतं, ती वाघासाठी जंगल झाली होती.

मग सरकार हे सगळं कसं मोजतं?

मोजतं. अजिबात मोजत नाही असं म्हणणं चुकीचं होईल.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीला पर्यावरण परिणाम अहवाल द्यावा लागतो. खाणीभोवतीच्या १० किलोमीटर परिसराचा अभ्यास होतो : हवा, पाणी, आवाज, जंगल, लोकवस्ती. मग जनसुनावणी. तिची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. चालू खाणींच्या काही विस्तारांना मात्र या सुनावणीतून सूट मिळते, ते लक्षात ठेवा.

त्यातली एक गंमत बघा. अहवालासाठी प्रत्यक्ष गोळा केलेली माहिती बहुधा एका हंगामाची असते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा असं सांगितलेलं असतं. हवेतल्या धुळीसाठी हे बरोबरच आहे, पावसात धूळ बसते. पण नदीचं काय? नदीचा खरा स्वभाव जुलै-ऑगस्टमध्ये कळतो. म्हणून अहवाल वाचताना पाण्याचं प्रकरण वेगळं काढून बघायचं : महत्तम पूरपातळी किती धरली, ती कुठल्या सालच्या पुरावरून, आणि बांध त्यापेक्षा किती उंच.

जंगलासाठी पैशात मोजमापही आहे. वनजमीन वळवली की ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत होते, जंगलाच्या प्रकारावर आणि दाटपणावर अवलंबून. पुढे ते वाढले. पण नदीकाठच्या खासगी शेताने पूर शोषला, विहिरी भरल्या, याचा असा काही दर नाही.

सगळ्यात उपयोगी प्रयत्न २००९-१० च्या सुमारास झाला. पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयांनी मिळून देशातल्या नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे एकावर एक ठेवले. वर्धा खोरं त्यात होतं. ज्या ब्लॉकमध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त वनक्षेत्र, किंवा दाटपणा धरून काढलेला आकडा १० टक्क्यांपेक्षा जास्त, तो ‘नो-गो’. बाकीचे ‘गो’. यावर खूप वाद झाला आणि ही पद्धत टिकली नाही. नंतर एका समितीने सुधारित कल्पना मांडली : नकाशावर एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनाला सहा विषयांत गुण द्या. वनाचा प्रकार, वनाचा दाटपणा, जैवविविधता, वन्यजीव, सलगपणा आणि जलमूल्य. सरासरी ७० च्या वर गेली की तिथे खाण नको.

कल्पना छान आहे. पण दहावीच्या निकालासारखा विचार करा. एखाद्या मुलाला गणितात १०० आणि बाकीच्या पाच विषयांत ५० असतील, तर सरासरी येते ५८. नदीकाठच्या चौकोनाचं तसंच होतं. जलमूल्यात पहिला नंबर, पण झाडं विरळ, म्हणून एकूणात नापास. नदीचं खोरं सरासरीत हरवतं.

लोहाराची गोष्ट

कधी कधी मात्र मोजमापाने निर्णय फिरतो. चंद्रपूरजवळ ताडोबाच्या दक्षिणेला लोहारा आहे. तिथला कोळसा ब्लॉक गोंदिया जिल्ह्यातल्या अदानींच्या तिरोडा वीज प्रकल्पासाठी दिला होता. चंद्रपुरात मोठा विरोध झाला. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे २००९ मध्ये उपोषणाला बसले. व्याघ्र प्रकल्पाची जवळीक आणि बफर हे मुद्दे पुढे आले, आणि जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना २००९-१० मध्ये ही प्रक्रिया थांबवली गेली.

त्याच सुमाराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८. पहिल्या पाचांत. जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित भागांत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ थांबवल्या. एका खाणीचं किंवा एका चिमणीचं मोजमाप न करता सगळ्या भागाचं एकत्र केलं, म्हणून हे दिसलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. लोहाराचा कोळसा गेल्यावर तिरोड्याला दुसरीकडून कोळसा आणावा लागला. त्याचा जादा खर्च कोणी सोसायचा, हा वाद वीज आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे जमीन आधी नीट न तपासता ब्लॉक दिला, तर त्याचा ताप जंगलापुरता राहत नाही. वीज विकणारा, घेणारा आणि शेवटी बिल भरणारा ग्राहक, सगळे त्यात ओढले जातात. मोजमाप ब्लॉक देण्याआधी व्हायला हवं, हाच या गोष्टीचा अर्थ.

आता रूममेटच्या वावराकडे परत या. शेजारी एक खाण, पलीकडे दुसरी, वर धरण, खाली शहर. प्रत्येक खाणीचा अहवाल वेगळा, आणि प्रत्येकात ‘परिणाम मर्यादित’. पण नदी एकच आहे. पाच जणांनी पाच बाजूंनी थोडा थोडा भराव टाकला तर प्रत्येकाचा थोडाच असतो, नदीसाठी मात्र तो सगळा मिळून असतो. म्हणून प्रश्न ‘या खाणीमुळे काय होईल’ एवढाच नाही. ‘आहे त्यात ही आणखी एक आली तर काय होईल’ हा खरा प्रश्न.

फोनवर काय काय तपासता येतं

आम्ही दोघांनी जे केलं तेच क्रमाने सांगतो. तुमच्या गावालाही चालेल, खाण असो, एमआयडीसी असो की रस्ता.

१. गूगल अर्थवर आपला गट शोधा आणि जुन्या सालांची चित्रं एकामागून एक बघा. ढीग कधी आला, नदीचा काठ कुठे सरकला, ते दिसतं. स्क्रीनशॉट सालासह ठेवा.

२. महाभूनकाशावर गटाची हद्द आणि महाभूलेखवर सात-बारा बघा. शेजारच्या सरकारी गटांवर ‘झुडपी जंगल’, ‘गायरान’, ‘नाला’ अशी नोंद आहे का तेही बघा.

३. परिवेश पोर्टलवर जिल्हा आणि खाणीचं नाव टाका. जुनी मंजुरीपत्रं तिथे असतात. त्यात नदीपासून अंतर, ढिगाची उंची, बांध, विहिरींची मोजणी अशा अटी नंबरवार दिलेल्या असतात. या अटी पाळल्या जातात का, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागा.

४. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडे मागा. ऑनलाइन नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

५. सरकारी कंपनीसाठी कोळशाची जमीन बहुधा १९५७ च्या कायद्याने घेतात. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे फक्त शोध. कलम ७ म्हणजे घेण्याचा इरादा, आणि त्यानंतर ३० दिवसांत हरकत नोंदवता येते. कलम ९ आलं की संपादन जाहीर झालं. तलाठ्याला विचारताना ‘नोटीस आली का’ असं नको, ‘कुठल्या कलमाची’ असं विचारा.

६. विहिरीत दर महिन्याला दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा, तारीख घालून वहीत लिहा. याला खर्च काहीच नाही.

आमचं पुढे काय झालं

सात-बारा उघडला आणि रूममेट गप्पच झाला. बाबांच्या वावरात विहीर आहे, रब्बीला हरभरा-गहू होतो. कागदावर मात्र जमीन जिरायत, पीक फक्त सोयाबीन. विहिरीची नोंदच नाही. म्हणजे उद्या मोबदला ठरला तर जिरायतीच्या दराने, आणि विहीर आटली तर भरपाई मागायला ती कागदावर मुळात नाहीच.

आधी नदी, वाघ, पूररेषा असं सगळं शोधलं, आणि घोळ सापडला घरच्या उताऱ्यात.

गेल्या सुट्टीत तो गावाला गेला. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर वावरात उभं राहून पिकाचा फोटो टाकला, सिंचनाचं साधन म्हणून विहीर लिहिली. विहिरीच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज दिला. शेजारच्या चार वावरांचंही करून दिलं. भावाला विहीर मोजायला शिकवलं.

भावाचं मत मात्र वेगळं आहे, तेही सांगायला हवं. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशोब आहे. यांचं वावर साडेचार एकर. भाऊ म्हणतो, “तू चाकणले कॉन्ट्रॅक्टवर किती वर्षं राहशील? पक्की नोकरी भेटली तं सोडाची का?” रूममेटकडे याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. तो निर्णय त्यांच्या घराचा. पण निदान आता जे काही ठरेल, ते खऱ्या जमिनीचं मोजमाप समोर ठेवून ठरेल.

मोजणी करणारे परत आलेले नाहीत. खुंट्या अजून धुऱ्यावर आहेत. भावाच्या वहीत पाण्याच्या चार नोंदी झाल्यात.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. गावाकडच्या जमिनीचा सात-बारा फोनवर उघडा आणि विहिरीची नोंद आहे का तेवढं बघा. नसेल तर घरी फोन लावा. तुमच्या गावाजवळ खाण, क्रशर किंवा नदीत भराव असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव नको असेल तर तसं सांगा. पुढच्या भागात नदीकाठच्याच दुसऱ्या प्रश्नावर बोलू : पूररेषेचा नकाशा वाचायचा कसा. तोवर काळजी घ्या, भेटूया!